पप्पांनी मान हलवली म्हणजे त्यांना समजलं असं नसतं: दिव्यांग कल्याण विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, मंत्रालय, मुंबई
आणि प्रत्येक जिल्ह्याचे जिल्हाधिकारी, झेडपीचे सीईओ यांनाही

नमस्कार,

मी पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. माझे आई-पप्पा दोघंही जन्मापासून कर्णबधिर आहेत आणि मला ऐकू येतं. हे पत्र आधी अर्जाच्या नमुन्यात लिहायला घेतलं होतं, विषय, संदर्भ, महोदय वगैरे, पण दोन ओळींपुढे जाईना, म्हणून आता जसं सुचतंय तसं लिहिते, सांभाळून घ्या.

मागणी आधीच सांगून टाकते म्हणजे वाचताना शोधायला नको. साइन लँग्वेजच्या दुभाष्याचा आणि कॅप्शनचा (म्हणजे बोललेलं लिहून दाखवण्याचा) खर्च सरकारने उचलावा, त्याला बजेटमध्ये स्वतःचं लेखाशीर्ष, म्हणजे त्याच खर्चासाठी राखलेलं खातं, द्यावं, आणि दुभाषी बोलवायची जबाबदारी ऑफिसची, दवाखान्याची, पोलीस स्टेशनची असावी, आमच्या घराची नसावी. आता हे का म्हणते ते सांगते.

१९९९ साल. मी दहा वर्षांची, पाचवीत. आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं. थोरल्या चुलत्यांनी एक दिवस सकाळी पप्पांना हाताने खुणावलं, चल, आणि मला म्हणाले तू पण चल, शाळा राहू दे आज. तालुक्याला रजिस्टर ऑफिस होतं (तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तेव्हाचे साहेब कधीच रिटायर झाले असतील आणि मला कुणा एकावर राग काढायचा नाहीये). आम्ही बाकावर बसलो, बाहेर स्टॅम्प व्हेंडरच्या टेबलावर टाइपरायटर वाजत होता. आत गेल्यावर साहेबांनी विचारलं, यांना वाचता येतं का? चुलते म्हणाले, सहीपुरतं येतं, मुका आहे तो, ही पोरगी सांगेल त्याला. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, बाळ, पप्पांना सांग हक्कसोडपत्र आहे, कबूल आहे का विचार. मला हक्कसोड हा शब्दच माहीत नव्हता. मी चुलत्यांना विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले काही नाही गं, सोसायटीच्या कर्जाचे कागद आहेत, त्याची सही पाहिजे. मग मी पप्पांकडे वळून तेच सांगितलं, शेत, कर्ज, कागद, आणि माझ्या तळहातावर बोटाने गिरवून दाखवलं, सही. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं आणि मान हलवली. साहेबांनी लिहून घेतलं. पप्पांच्या अंगठ्याला लागलेली शाई त्यांनी तिथल्याच भिंतीला पुसली, तिथे सगळ्यांचेच अंगठे पुसलेले होते. येताना चुलत्यांनी मला भेळ घेऊन दिली.

२००६ ला पप्पा टेलरिंगच्या दुकानासाठी पिको-फॉलचं मशीन घ्यायला कर्ज काढायला गेले, त्यासाठी सातबारा काढला, आणि त्यात त्यांचं नावच नव्हतं. हक्कसोडपत्र म्हणजे जमिनीतला आपला हक्क सोडून दिल्याचा कागद. विहिरीला लागून असलेलं दीड एकर. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, उतारा मीच वाचला आणि त्यांना सांगायचंही मलाच होतं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, त्या दिवशी तू काय सांगितलं होतंस? ते रागावले नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं. ते उठून मशीनवर जाऊन बसले आणि कुणाच्या तरी ब्लाउजला हातशिलाई घालत राहिले. वकिलांकडे गेलो होतो, ते म्हणाले दिवाणी दावा लावा, बरीच वर्षं जातील. पप्पा नको म्हणाले. चुलते आता नाहीत, चुलतभावांशी आमचं येणंजाणं आहे, त्यामुळे जमिनीसाठी मी हे लिहीत नाहीये.

मला सांगायचंय ते त्या मान हलवण्याबद्दल. ज्यांच्या घरात कर्णबधिर माणूस आहे त्यांना हे लगेच कळेल. पप्पा दिवसातून पन्नास वेळा मान हलवतात. बँकेत, एसटीत कंडक्टरपुढे, मेडिकलमध्ये, लग्नात, सगळीकडे. समोरचा काहीतरी बोलतोय, ओठ हलतायत, मागे चार माणसं रांगेत उभी आहेत, दुसऱ्यांदा विचारलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, तिसऱ्यांदा विचारलं की तो ओरडायला लागतो (ओरडून काय उपयोग?) आणि मग बाजूची माणसं वळून बघतात. हे लहानपणापासून भोगलेला माणूस मान हलवायला शिकतो, कारण मान हलवली की समोरचा सुटतो आणि आपणही सुटतो. आणि आपल्या सगळ्या सरकारी कागदांवर शेवटी काय लिहिलेलं असतं? वाचून दाखवले, समजले, कबूल आहे. पप्पांच्या आयुष्यातले असे किती कागद त्या मान हलवण्यावर उभे आहेत देव जाणे.

आणि लिहून दाखवलं की झालं असं खूप लोकांना वाटतं, अगदी चांगल्या मनाच्या अधिकाऱ्यांनाही, कागद पुढे सरकवतात की लिहा म्हणून. पप्पा कर्णबधिर शाळेत सातवीपर्यंत शिकलेत. त्यांच्या वेळी शाळेत हात वापरायला बंदी होती, बोलायलाच शिकवायचे, घशाला हात लावून प, ब, म घोटून घ्यायचे, खुणा केल्या की हातावर पट्टी. म्हणजे जी भाषा त्यांना सहज येत होती ती बंद आणि जी ऐकूच येत नाही ती दिवसभर. त्यातून मराठी कितीशी येणार? इंडियन साइन लँग्वेज ही वेगळी भाषा आहे, तिचं व्याकरण वेगळं, प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी जातो, भुवया आणि चेहरा हे सुद्धा व्याकरणच आहे. पप्पांसाठी मराठी ही दुसरी भाषा आहे, तीही न ऐकता शिकलेली. त्यांना 'सदर मिळकतीवरील माझा हक्क, हितसंबंध' असलं वाक्य लिहून दाखवणं म्हणजे मला जपानीत लिहून दाखवण्यासारखं आहे.

कायदा नाही असंही नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातलं कलम १३ मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं, खरंच सांगते. त्यात लिहिलंय की दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगायचा आणि वारसाने मिळवायचा हक्क आहे, आणि पुढे लिहिलंय की एखाद्या मालमत्तेच्या व्यवहारात मदत करणाऱ्याचे आणि त्या दिव्यांग व्यक्तीचे हितसंबंध आड येत असतील तर मदत करणाऱ्याने त्या व्यवहारात बाजूला व्हायचं. म्हणजे जे आमच्या घरात झालं ते चालणार नाही असं कायद्याच्या पुस्तकात आता सरळ लिहिलेलं आहे. कलम १२ म्हणतं की कोर्टात साक्ष, म्हणणं त्या व्यक्तीच्या पसंतीच्या भाषेत आणि पद्धतीने नोंदवायची सोय सरकारने करायची. कलम ४२ मध्ये साइन लँग्वेज आणि कॅप्शनची नावं घेऊन उल्लेख आहे. सगळं आहे. पण रजिस्टर ऑफिसमधला क्लार्क उद्या ठरवेलही की या माणसाला दुभाषी द्यायचा, तर तो फोन कुणाला लावणार आणि पैसे कुठल्या खात्यातून देणार? इथे सगळं येऊन थांबतं.

अमेरिकेत १९९० चा अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट आहे. त्याच्या नियमात दोन गोष्टी आहेत. दुभाष्याचा खर्च हॉस्पिटलने किंवा ऑफिसने करायचा, पेशंटच्या बिलात लावायचा नाही. आणि जिवावरचा प्रसंग आणि दुसरं कुणीच हजर नाही एवढी वेळ सोडली तर लहान मुलाला दुभाषी म्हणून वापरायचं नाही. हे वाचलं तेव्हा मला कळलं की माझ्यासारखी मुलं तिथेही होती आणि कुणीतरी बसून त्यांच्यासाठी नियम लिहिला.

आपल्याकडे असं काही जमणार नाही म्हणाल, तर आपल्याकडे एका ठिकाणी ते ऑलरेडी कागदावर आहे. पोक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचे २०२० चे नियम बघा. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाषी, भाषांतरकार, स्पेशल एज्युकेटर यांची नोंदवही ठेवायची, लागेल तेव्हा पोलिसांना आणि कोर्टाला द्यायची आणि त्यांचे पैसे सरकारी निधीतून द्यायचे. म्हणजे जिल्ह्याला यादी असू शकते आणि पैसे देता येतात हे सरकारनेच मान्य केलंय. मग एवढ्या मोठ्या अन्यायानंतरच दुभाषी का मिळावा, सोनोग्राफीच्या वेळी का मिळू नये?

सोनोग्राफी म्हटलं म्हणून आईचं सांगते. २०१७ ला आईला अंगावरून खूप जायला लागलं, ४८ वय होतं. गावाजवळच्या एका दवाखान्यात मीच तिला घेऊन गेले, डॉक्टर माझ्याशीच बोलले, आईकडे एकदाही बघितलं नाही, म्हणाले पिशवी काढून टाकू, या वयात काय करायचीय. मी आईला सांगितलं, पिशवी काढायची. आईने मान हलवली. परत तेच. मला त्या रात्री झोप लागली नाही. मग पुण्यात आणलं आणि पहिल्यांदाच मी बाहेरच्या इंटरप्रिटर ताई बोलावल्या, दोन तासांचे दीड हजार आणि रिक्षाचे वेगळे. मी दाराबाहेर बाकावर बसले. आई आत चाळीस मिनिटं होती. चाळीस मिनिटं! माझ्याबरोबर ती कुठल्याही डॉक्टरकडे पाच मिनिटांच्या वर कधी बसलेली नव्हती. नंतर कळलं की तिने सात-आठ प्रश्न विचारले, काढलीच पाहिजे का, गोळ्यांनी भागेल का, काढल्यावर नवरा-बायकोच्या संबंधावर काही परिणाम होतो का. हा शेवटचा प्रश्न ती मला कधीच विचारू शकली नसती, आणि विचारला असता तरी मी तो डॉक्टरांपुढे नीट बोलू शकले असते का, मला नाही वाटत. डॉक्टर म्हणाले आधी तीन महिने गोळ्या देऊन बघू. गोळ्यांनी भागलं. पिशवी आजही आहे.

तेव्हापासून मी दुभाष्याचे पैसे माझ्या पगारातून भरते, मला परवडतं म्हणून. पण आमच्या ओळखीत मिरजेकडचं एक जोडपं आहे, दोघंही कर्णबधिर, तो वेल्डिंगच्या दुकानात कामाला, त्यांनी कुठून भरायचे? त्यांचा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे आणि आईवडिलांचं सगळीकडचं बोलणं तोच करतो. मागच्या वेळी भेटला तेव्हा मला म्हणाला, मावशी, केवायसी म्हणजे काय?

आता पैशाचं बोलते, माझं रोजचं काम तेच आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात श्रवणदोष असलेल्या लोकांची संख्या ४ लाख ७३ हजारांच्या वर होती. समजा ३६ जिल्ह्यांत प्रत्येकी चार दुभाषी ठेवले, महिन्याला ३५,००० मानधन धरलं, तर १४४ माणसांचे महिन्याचे ५० लाख ४० हजार, वर्षाचे साधारण ६ कोटी ५ लाख. कॅप्शनवाले, प्रवासखर्च, इंटरनेट, टॅबलेट, ट्रेनिंग यासाठी अजून तेवढेच धरा. १२ कोटी. त्या ४ लाख ७३ हजारांत भागले तर माणशी वर्षाला अडीचशे रुपये येतात. हा माझा कच्चा हिशोब आहे, तुमच्याकडे वित्त विभाग आहे, नीट करून घ्या, पण आकडा या घरातलाच निघेल.

हा पैसा कुठून आणायचा म्हणाल, तर ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत, हा नियम आपल्याच राज्याचा आहे. आमच्या गावात तो निधी मार्चच्या शेवटी शेवटी आठवतो. पप्पांना एका वर्षी चेक मिळाला, एका वर्षी मिक्सर. मिक्सर आई अजून वापरते, मी त्याला नावं ठेवत नाही. केंद्राच्या योजनेतून श्रवणयंत्रंही वाटली जातात, ज्यांना थोडंफार ऐकू येतं त्यांना त्याचा उपयोगही होतो. पण वस्तू वाटायची सवय सगळ्या यंत्रणेला लागलीय. वस्तूची खरेदी होते, वाटपाचा कार्यक्रम होतो, फोटो निघतो, पैसे खर्च झाल्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट जातं. दुभाष्याचं तसं नाही, तो मंगळवारी सिव्हिल हॉस्पिटलला लागतो, गुरुवारी तहसीलला, आणि त्याचं काम दिसत नाही, काम झालं एवढंच दिसतं. त्यामुळे माझं म्हणणं आहे की एकेका ग्रामपंचायतीने वेगळं काही करायला जाऊ नये, तिच्याच्याने ते होणार पण नाही. त्या ५ टक्क्यांतला ठरावीक वाटा जिल्ह्याला एकत्र करा, तुमच्या विभागाने त्यात तेवढीच भर घाला, आणि जिल्ह्याला एक नंबर असू द्या ज्यावर कुठल्याही ऑफिसने मेसेज टाकला की दुभाषी ठरतो आणि बिल त्या ऑफिसला न जाता त्या लेखाशीर्षातून जातं. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. ऑफिसच्या किरकोळ खर्चातून द्या म्हटलं की कुणीही बोलवणार नाही, माणूस वाईट असतो म्हणून नव्हे, ऑडिटला काय उत्तर देणार ही भीती असते म्हणून.

प्रत्येक वेळी माणूस समोरच पाहिजे असंही नाही. छोट्या कामाला व्हिडिओ कॉल चालतो. तलाठी ऑफिसात, पोस्टात, बँकेत पाच मिनिटांचं काम असतं, तिथे टॅबलेटवर जिल्ह्याच्या ठिकाणचा दुभाषी आला तरी पुरे. पण ऑपरेशन, जबाब, जमिनीचा व्यवहार, कोर्ट, इथे माणूस समोरच हवा, नेट गेलं म्हणून अर्धवट राहिलेलं वाक्य तिथे चालणार नाही.

दुभाषी आहेतच कुठे, हा प्रश्न तुम्ही विचारणार हे मला माहीत आहे आणि तो खरा आहे. कमी आहेत. पण कमी का आहेत ते पण बघा. केंद्राने २८ सप्टेंबर २०१५ ला दिल्लीत इंडियन साइन लँग्वेज रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर काढलं, त्यांनी २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा शब्दकोश केला, दुभाष्याचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. आपल्या मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. म्हणजे शिकायची सोय आहे. पण दोन वर्षं शिकून बाहेर पडलेल्या मुलीला नोकरी कुठेय? मोजकेच कार्यक्रम मिळतात, २३ सप्टेंबरला साइन लँग्वेज दिवस आणि ३ डिसेंबरला दिव्यांग दिन, तेव्हा सगळ्यांना स्टेजवर दुभाषी पाहिजे असतो, इतर वेळी नाही. माझ्या ओळखीतल्या दोन जणी सोडून गेल्या, एक बीपीओत आहे, एकीने ब्युटी पार्लर टाकलं. पगाराची जागा असेल तर माणसं टिकतील. आणि खेड्यातल्या कर्णबधिर लोकांच्या खुणा वेगळ्या असतात, शाळेत न गेलेल्यांच्या तर घरापुरत्याच असतात, तिथे ऐकणाऱ्या दुभाष्याबरोबर स्वतः कर्णबधिर असलेला अनुभवी माणूसही लागतो, तो जास्त पटकन समजून घेतो. त्यालाही पैसे द्या. आमच्या पप्पांनी हे काम गावोगाव फुकट केलंय.

आता कॅप्शनचं, कारण इथे मोठा घोळ होतो, कर्णबधिर म्हटलं की सगळ्यांना खुणा येतात असं समजतात. माझे सासरे (त्यांना मी बाबा म्हणते) झेडपी शाळेतून रिटायर झालेले मास्तर, साठीनंतर ऐकू येणं कमी होत गेलं, आता मशीन लावूनही चार माणसांत कळत नाही. त्यांना एकही खूण येत नाही, आता शिकणारही नाहीत, त्यांची भाषा मराठीच आहे आणि ती ते माझ्यापेक्षा चांगली लिहितात. त्यांच्यासाठी दुभाष्याचा काही उपयोग नाही, त्यांना बोललेलं लिहून दिसायला हवं. ते ग्रामसभेला जायचे, आयुष्यभर गेले, हिशोब विचारणारे म्हणून प्रसिद्ध. दोन वर्षं झाली जात नाहीत. मी फोनवर बोललेलं लिहून दाखवणारं ॲप टाकून दिलं, घरात मी सावकाश बोलले की बरं चालतं, पण ग्रामसभेत सगळे एकदम बोलतात, वर पंखा, बाहेर ट्रॅक्टर, आणि आमची सातारी बोली, त्यात 'उतारा'चं 'उतारू' झालं आणि ठरावात कितीचा आकडा होता तो आलाच नाही. बाबांनी फोन खिशात टाकला आणि घरी निघून आले.

म्हणून इथेही माणूस लागतो आणि माणसाला पैसे लागतात. साधं टायपिंग पुरत नाही, आपल्याकडे दरवर्षी इतकी मुलं मराठी टायपिंगची परीक्षा देतात, तीस-चाळीसचा स्पीड असतो, पण माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द सहज बोलतो. याला शॉर्टहँडवाले लागतात, किंवा दुसरी पद्धत आहे, शांत खोलीत बसलेला माणूस हेडफोनवर ऐकतो आणि तेच स्पष्ट शब्दांत कॉम्प्युटरला परत बोलून दाखवतो, कॉम्प्युटर त्याचा आवाज ओळखतो आणि चूक झाली की तो तिथेच दुरुस्त करतो. परदेशात टीव्हीवरच्या लाइव्ह बातम्यांना असंच करतात. विधानभवनात बोललेला शब्द न् शब्द टिपून घ्यायला प्रतिवेदक असतात, ही कला सरकारला नवीन नाही, ती फक्त सभागृहाच्या आत आहे. ती थोडी बाहेर आणा, ग्रामसभेच्या, सुनावणीच्या, हॉस्पिटलच्या कामाला लावा.

आणि एक मनातलं बोलते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मी पण ठेवला. बाबांना मराठी सिनेमा फार आवडतो. आता मोबाइलवर मराठी सिनेमा लावला की खाली सबटायटल असतात ती बहुतेक इंग्रजी. मराठी माणूस, मराठी सिनेमा, आणि खाली इंग्रजी. बाबा म्हणतात, अगं मला इंग्रजी येतं पण हसू मराठीत येतं. केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने सिनेमातल्या अशा सोयींसाठी मार्च २०२४ मध्ये गाइडलाइन्स काढल्यात. राज्य सरकार मराठी सिनेमाला अनुदान देतं, त्याच अनुदानाला मराठी कॅप्शनची अट घातली तर वेगळा खर्च किती येईल? ऐकू येणं कमी झालेल्या लाखो म्हाताऱ्या माणसांची मराठी आता फक्त डोळ्यांतून येते, हे मराठी भाषा विभागालाही कुणीतरी सांगा.

केंद्राकडेही एक गोष्ट मागा, तुम्ही मागितली तर वजन पडेल. अमेरिकेत १९९३ पासून देशभर रिले सेवा आहे, कर्णबधिर माणूस टाइप करून किंवा व्हिडिओवर खुणा करून सांगतो, मधला ऑपरेटर समोरच्याला फोनवर बोलून दाखवतो, आणि त्याचा खर्च टेलिकॉम कंपन्यांच्या वर्गणीतून निघतो. आपल्याकडेही टेलिकॉम कंपन्यांकडून असा पैसा घेतला जातो, आधी खेड्यापाड्यांत फोन पोचवण्यासाठीचा यूएसओ फंड होता, आता २०२३ च्या कायद्याने डिजिटल भारत निधी झालाय. माझे पप्पा पण दर महिन्याला रिचार्ज मारतात, कॉलिंग अनलिमिटेड, एकही कॉल न करता.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात सारा सनी या कर्णबधिर वकील मॅडम दुभाष्यामार्फत सुनावणीत सामील झाल्या, तेव्हा सरन्यायाधीश चंद्रचूड होते. मी तो व्हिडिओ आई-पप्पांना दाखवला. आईने तो तीन वेळा बघितला, कोपऱ्यातल्या दुभाष्याचे हात बघत बसली. पप्पा म्हणाले, ती वकील आहे, तिला मिळालं, रजिस्टर ऑफिसात मिळेल का? मी म्हणाले, माहीत नाही.

आपल्या महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी वेगळं खातं काढलं, २०२२ च्या डिसेंबरमध्ये ते झालं तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला होता, आमच्या ग्रुपवर तर पेढ्यांचे फोटो आले होते. म्हणूनच तुम्हाला लिहिलं. सगळं एकदम होणार नाही हे मला कळतं. एक-दोन जिल्ह्यांत सुरू करा, आमचा सातारा घ्या नाहीतर कुठलाही घ्या, पण तिथे वर्षभर पूर्ण चालवा, दुभाष्यांचे पैसे वेळेवर द्या, आणि किती वेळा सेवा दिली ते आकडे जाहीर करा. आणि तोपर्यंत निदान एक परिपत्रक काढा, त्याला काही खर्च नाही, की कुठल्याही सरकारी ऑफिसात आणि दवाखान्यात शाळकरी मुलांकडून आईबापांचं दुभाषीपण करून घ्यायचं नाही आणि मालमत्तेच्या व्यवहारात ज्याचा त्यात फायदा आहे अशा नातेवाइकाला मध्ये बसवायचं नाही.

हे पत्र मी रात्री पप्पांना खुणा करून पूर्ण सांगितलं, रजिस्टर ऑफिसचा भाग सुद्धा. चुलत्यांचं नाव घालू नको म्हणाले, ते घातलेलं नाही.

उत्तर द्यायचं असेल तर कृपया लेखी द्या, फोन करू नका, ते आई-पप्पांनाही वाचायचंय, अवघड शब्द मी समजावून सांगेन. आणि चर्चेला बोलावलंत तर आम्ही तिघंही येऊ. त्या दिवशी दुभाषी तुम्ही बोलवा, पैसेही तुमच्या विभागाने द्या. मी तिथे फक्त त्यांची मुलगी म्हणून शेजारी बसेन.

आपली,
सातारा जिल्ह्यातल्या एका कर्णबधिर आईबापाची मुलगी